तेरा पेपर, बारा दिवस

पत्र थोडक्यात असं: सिंहगड रस्त्यावर राहणारी बारावी सायन्सची विद्यार्थिनी. बोर्ड झालं, जेईईही देऊन झाली, आता इंजिनिअरिंगच्या सीईटीला बारा दिवस उरलेत. अप्पा बळवंत चौकातून तिनं सराव पेपरांचे तीन संच आणले, प्रत्येकात दहा. सतरा सोडवून झाले, तेरा उरलेत. शेवटच्या तिन्हींत २०० पैकी ११८, १२१ आणि १०९ पडले. बाबा म्हणतात, रोज एक आणि रविवारी दोन सोडव, म्हणजे संच पुरे होतील. क्लासचे सर म्हणतात, आता टेस्ट बंद, फक्त रिव्हिजन. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीचे तीस पेपर कधीच झाले आणि तिला क्लासच्या टेस्टमध्ये ९८ पर्सेंटाइल आहेत. ‘माझे मार्क वाढायच्या ऐवजी कमी होताहेत. पेपर सोडवत राहू की रिव्हिजन करू? की ड्रॉपच घेऊ, म्हणजे वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देऊ?’ सोबत शेवटच्या तीन पेपरांचे फोटो जोडलेत.

*

फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. सल्ला मागणारी पत्रं बहुतेक नुसत्या मार्कांची येतात, आणि ‘१०९ पडले’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. मी चष्मा लावून तिन्ही पेपर मोठे करून पाहिले. मार्कांकडे शेवटी गेले.

आधी बाबांचं गणित. तेरा भागिले बारा, रोज एक आणि रविवारी दोन. हिशोब चोख आहे. पण तीस पेपर संपवायचेच हे ठरवलं कुणी? प्रकाशकानं दहा-दहाचे संच बांधले म्हणून ना? त्यानं आठाचे बांधले असते तर तुझे आज सातच उरले असते, आणि तयारी मात्र आहे तेवढीच राहिली असती. पैसे दिलेत तर वसूल झाले पाहिजेत, ही आपल्या घराघरातली वृत्ती मला चांगली ठाऊक आहे, माझ्यातही आहे. पण ती थाळीपुरती ठेवू.

आता तो १०९ चा पेपर. फिजिक्समध्ये ३१ बरोबर, केमिस्ट्रीत ३४. गणितात २२ बरोबर, प्रत्येकी दोन गुणांप्रमाणे ४४. बेरीज १०९, बरोबर. पण गणितातले १७ चुकलेत आणि ११ तू कोरे सोडलेस. अकरा! सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही हे तुला माहीत आहे, पत्रात तू स्वतःच लिहिलंयस. मग कोरे का? मला वाटतं, दोन वर्षं जेईईच्या टेस्ट देऊन हाताला ती सवय लागलीय. तिथं बरोबरला चार मिळतात, चुकला तर एक जातो, म्हणून ‘नक्की नसेल तर हात लावू नकोस’ हे तुमच्या अंगात मुरवलेलं असतं. इथं त्या शहाणपणाचा तोटा आहे. चार पर्यायांतल्या कुठल्याही एकावर डोळे मिटून टिक केली तरी अकरापैकी सरासरी पावणेतीन बरोबर येतात, म्हणजे साडेपाच गुण. १२१ वरून १०९ वर आलीस, बारा गुण गेले म्हणून तू हवालदिल झालीस, त्यातले जवळजवळ निम्मे तू कोऱ्या गोलांत ठेवून आलीस. एखादा पर्याय उघडच चुकीचा दिसत असेल तर हिशोब आणखी तुझ्या बाजूला झुकतो. (नीट किंवा जेईई देणाऱ्यांनी हा परिच्छेद स्वतःला लावून घेऊ नये, तिथं उत्तर चुकलं की गुण जातो.)

दुसरी गोष्ट पेपरच्या कोपऱ्यात तुझ्याच अक्षरात आहे: ‘फि. + के. १ ता. ४० मि.’ म्हणजे गणिताला उरली ऐंशी मिनिटं. अगं, सीईटीत हे होणारच नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. नव्वद झाली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित उघडतं, त्याला वेगळी नव्वद. इकडची उसनी घेऊन तिकडे घालायची सोयच नाही. म्हणजे पहिल्या भागात प्रश्नाला ५४ सेकंद, गणितात १०८. छापील पेपर घेऊन बसलं की आपण त्या भिंतीवरून नकळत उडी मारतो. तू सतरा पेपर सोडवलेस खरे, पण त्यातले किती सीईटीचे होते आणि किती ‘सीईटीसारखे’, हे एकदा घड्याळाच्या नोंदी बघून स्वतःच ठरव.

तिसरी नोंद: ‘सुरुवात रा. ९.३०’. सकाळी आठपासून अभ्यासिकेत बसून आलेली मुलगी रात्री साडेनऊला तीन तासांचा पेपर घेते, साडेबाराला उत्तरसूची काढते, १०९ बघते आणि मग तिला झोप लागत नाही. यात तुझी ‘गाडी मागे चाललीय’ असं मला कुठं दिसत नाही. गाडी दमलीय. शिवाय कुठलेही दोन पेपर सारख्याच काठिण्याचे असतात असं कुणी सांगितलं? तीन आकड्यांवरून आलेख काढायचा नसतो, हे तर प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येही शिकवतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवणार आहे ती.

तिन्ही पेपरांत चुकलेल्या प्रश्नांपुढे तू लाल पेनानं शेरे लिहिलेत. मी मोजले. एकूण चौदा ठिकाणी ‘सिली’ असं लिहिलंय. त्यातला एक प्रश्न घेऊ. एका टोकाला बंद असलेल्या नळीतल्या हवेचा फर्स्ट ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराच्या वरचा पहिला सूर, किती? (व्ही म्हणजे आवाजाचा वेग, एल म्हणजे नळीची लांबी.) तू टिक केलंस व्ही भागिले दोन एल. उत्तर आहे तीन व्ही भागिले चार एल. शेरा: ‘सिली’. म्हणजे तुझ्या मते हे तुला येत होतं, फक्त घाई झाली.

आता त्याच्या दोन पेपर आधीचा, ११८ वाला पेपर बघ, फिजिक्सचा तेविसावा प्रश्न. बंद नळीचा फर्स्ट ओव्हरटोन आणि फंडामेंटल, म्हणजे मूळ सूर, यांचं गुणोत्तर विचारलंय. तू लिहिलंस दोनास एक. हवं होतं तीनास एक. शेरा पुन्हा ‘सिली’.

ही घाई नव्हे. दोन्ही वेळा तू एकच गोष्ट गृहीत धरलीस, की ओव्हरटोन म्हणजे पुढची पट, पहिला असेल तर दुप्पट. उघड्या नळीत ते चालतं. बंद टोकाशी हवेला हलता येत नाही आणि उघड्या टोकाशी ती सर्वांत जास्त हलते, म्हणून त्या नळीत फक्त विषम पटी बसतात: एक, तीन, पाच. दोन तिथं मावतच नाही. पेपर काढणाऱ्याला हा घोळ पाठ असतो, म्हणून तर ‘व्ही भागिले दोन एल’ हा पर्याय त्यानं मुद्दाम ठेवला. तू ‘सिली’ लिहून पान उलटलंस आणि तिसऱ्यांदा चुकायची तजवीज करून ठेवलीस. एक आकृती, नळीच्या लांबीत पाव लाट आणि पाऊण लाट बसवलेली, चार मिनिटांचं काम. ते केलं असतंस तर अठराव्या पेपरची गरज त्या धड्यापुरती संपली असती.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द मला आवडत नाही. त्यात आपण स्वतःवर रागावल्यासारखं करतो आणि प्रत्यक्षात स्वतःला सोडून देतो. चौदापैकी खरोखरच्या निष्काळजीपणाच्या मला तीनच दिसल्या: एक वजाचं चिन्ह, एक ‘नॉट’ न वाचलेला प्रश्न, एक गोल चुकीच्या ओळीत. बाकी अकरांत काही ना काही कच्चं आहे. त्या अकरांवर तुझे बारा दिवस आहेत.

हे मी अनुभवातून सांगतेय, आणि तो अनुभव अभिमानाचा नाही. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे तेव्हा एका वर्षी परीक्षेआधी सलग पंधरा दिवस रोज पेपर घेतला. मुलं येत होती, लिहीत होती, पालक खूश होते. तपासून द्यायला मला वेळ होत नव्हता. गठ्ठे स्टाफरूमच्या कपाटावर चढत गेले. पंधराव्या दिवशी सगळे खाली काढून एकाच मुलाचे पेपर ओळीनं लावले तर काय, कॅपॅसिटरच्या गणितात पहिल्या दिवशी जी चूक तीच चौथ्या दिवशी, तीच अकराव्या दिवशी. मी त्याच्याकडून चुकीचा पंधरा दिवस सराव करून घेतला होता. सराव कशाचाही पक्का होतो गं.

म्हणून ‘पेपर की रिव्हिजन’ हा तुझा प्रश्नच मला थोडा वाकवायचा आहे. बाबा आणि सर भांडताहेत असं तुला वाटतंय, पण दोघंही एकाच गोष्टीची दोन टोकं धरून बसलेत. तुझी रिव्हिजन कशी होते ते पत्रात आहे: ‘नोट्स वाचते, हायलाइट केलेलं परत बघते’. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यात फरक आहे, चाळीतल्या समोरच्या काकूंचा चेहरा रोज दिसतो, पण त्यांच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते विचार बघू कुणाला. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींना तो पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर उलटं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, न बघता लिहिणाऱ्यांना ५६. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, बारा दिवसांनी आहे.

आणि बघ, त्या प्रयोगात कुणी तीन तासांचा पेपर दिला नव्हता. कोरा कागद होता. तेव्हा रिव्हिजन अशी कर: पुस्तक मिटायचं, कागदावर धड्याचं नाव लिहायचं, ‘वेव्ह ऑप्टिक्स’ म्हण, आणि दहा मिनिटं जे आठवेल ते, सूत्रं, आकृत्या, अटी, सगळं खरडायचं. मग बालभारतीचं पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनानं भरायचं. लाल जेवढं दिसेल तेवढंच वाचायचं, बाकीच्या पानांना हात लावायचा नाही. सरांची रिव्हिजनही झाली आणि बाबांची टेस्टही. घरचे विचारतील, ‘नुसतं काय लिहीत बसलीस?’, विचारू देत.

मग पूर्ण पेपर किती? माझ्या मते चार. जास्त नाहीत. उद्या एकही नको. उद्या हे तीन पेपर घेऊन बस, चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडव. जे आता सुटले ते वेळेचं किंवा घाईचं दुखणं. जे अजूनही सुटले नाहीत ते कच्चं. दोन्हींचं औषध वेगळं आहे. कच्च्याला धडा उघडायचा. वेळेच्या दुखण्याला घड्याळ लावून दहा-दहा प्रश्न, फक्त त्या धड्याचे. यात दिवस जाईल आणि तुला वाटेल आज काहीच झालं नाही, कारण सांगायला आकडा नसेल. जाऊ दे.

त्यानंतर परवा एक पेपर, मग एक दिवस सोडून दुसरा, मग दोन-दोन दिवस सोडून उरलेले दोन. शेवटचा परीक्षेच्या आधी तीन दिवस. त्याच्यापुढे पूर्ण पेपर नको, तेव्हा पडलेल्या कमी मार्कांवर काही करायला वेळ नसतो, नुसतं मन खातं. प्रत्येक पेपरमागे किमान तेवढाच वेळ तपासायला, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री नाही. हॉल तिकिटावर जी शिफ्ट असेल, सकाळी नऊची किंवा दुपारी दोनची, त्याच वेळेला पेपर घ्यायचा. दुपारची असेल तर मुद्दाम जेवून, पंख्याखाली डोळे जड होत असताना घे, तुला कळेल मी का म्हणते ते. नव्वद मिनिटांचा गजर लाव आणि तो वाजला की फिजिक्स-केमिस्ट्रीचा कागद आईच्या हातात देऊन टाक. केमिस्ट्री आधी उरकून फिजिक्सला पंचावन्न मिनिटं ठेवता येतात का हे पहिल्या दोन पेपरांत करून बघ. शेवटच्या दोनांत नवे प्रयोग नकोत, जे जमलं तेच.

चारपैकी एक तरी क्लासच्या कॉम्प्युटरवर दे, मोबाईलवर नको. सीईटी स्क्रीनवर असते. छापील पेपरात तू आकृतीवरच रेघा मारतेस, कोन लिहितेस, फोटोत दिसतंय. स्क्रीनवर ती आकृती आधी रफ कागदावर उतरवावी लागते, त्याला सेकंद जातात, आणि ते सेकंद आधी माहीत असले की हॉलमध्ये धसका बसत नाही.

अकरावीचं तू एका ओळीत लिहिलंयस, ‘अकरावी निम्मी राहिलीच’. घाबरू नकोस. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, प्रत्येक पन्नासात साधारण दहा प्रश्न अकरावीचे, आणि तेही सगळ्या पुस्तकातून नाही, सीईटी सेलनं दिलेल्या ठरावीक धड्यांतूनच. ती यादी पुढे ठेव, मग बघ निम्मी राहिलीय का दोन-तीन धडे.

मैत्रिणीचे ९८ पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे ती टेस्ट देणाऱ्यांपैकी तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण किती टक्क्यांना पडले. तिच्या क्लासच्या टेस्टला जेवढी मुलं बसली त्यांच्यातला तो नंबर आहे, तुझ्या छापील पेपरातल्या १०९ शी त्याची तुलना म्हणजे मंडईतला भाव आणि चितळ्यांकडची रांग यांची तुलना. याच पर्सेंटाइलचा एक दिलासा मात्र घे: सीईटी अनेक शिफ्टमध्ये होते आणि पर्सेंटाइल आधी त्या-त्या शिफ्टमधल्या मुलांतच काढतात. तुझा पेपर अवघड निघाला तर तुझ्या शेजारच्या पन्नास जणांनाही तो तसाच निघालेला असतो. मधेच पेन खाली ठेवायचं कारण नाही.

ड्रॉपचं आज बोलायचंच नाही. ज्या परीक्षेला अजून बसली नाहीस तिच्या निकालावर निर्णय घेतेयस.

बाबांना हे पान दाखव. त्यांना वाटतंय तू टाळाटाळ करतेयस, म्हणून ते आकडा मागताहेत, त्यात वाईट हेतू नाही. पण पुढचे बारा दिवस घरात मार्क सांगायचे नाहीत, असं त्यांच्याशी ठरवून घे. तू लिहिलंयस की आजीसुद्धा रोज जेवताना ‘आज किती?’ विचारते. आजीला सांग, पोळ्या किती ते विचार.

ज्यांनी एकही पूर्ण पेपर दिलेला नाही आणि हे वाचून ‘बरं झालं’ म्हणताहेत, त्यांनी हुरळून जाऊ नये. त्यांनी दोन-तीन तरी द्यायलाच हवेत, नाहीतर तीन तास सलग बसणंच परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घडेल. बायोलॉजीवाल्यांनाही बाकीचं सगळं लागू, फक्त त्यांच्या दुसऱ्या नव्वद मिनिटांत पन्नास नाही, शंभर प्रश्न असतात.

सेंटर लांब आलं, वाघोलीकडे किंवा तळेगावच्या बाजूला, तर आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी बाबांबरोबर स्कूटरवरून एक चक्कर मारून ये, परीक्षेच्या वेळेलाच. ओळखपत्र मूळचं लागतं, झेरॉक्स चालत नाही.

आणि तो तिसरा संच. मी सांगितलेल्या चारांपैकी तीन दुसऱ्या संचातले, एक क्लासच्या कॉम्प्युटरवरचा. म्हणजे तिसऱ्याचं प्लास्टिकसुद्धा फाडायला नको. परीक्षा झाली की अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेऊन जा, कोऱ्या संचाला भाव बरा येतो. बाबांना सांग, वसुली झाली.